वक्ता चार

भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि त्याला भक्कम कारण आहे — भुताचा पोशाख माझ्याच कपाटात असतो. मी धाराशिवला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनात हडळ, चेटकीण, समंध, जे काही लागेल ते गेली वीसेक वर्षं मीच होते. पांढरं लुगडं, मोकळे केस, टाल्कम पावडरचा अर्धा डबा. पहिल्या रांगेतलं एखादं पोर रडलं की मला धन्य वाटतं. त्यामुळे ‘मला असं असं दिसलं’ म्हणून कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते... लायटिंग कुणाकडं होतं?

तेव्हा वाचकांच्या अद्भुत अनुभवांच्या या सदराची मी नुसती वाचक होते तेच बरं होतं. पण गेल्या वर्षी नागपंचमीच्या आधीच्या शनिवारी माझ्या आक्काच्या वस्तीवर जे झालं, ते भर दुपारी झालं, लख्ख उन्हात, मोबाईलच्या स्क्रीनवर. माझ्याजवळ पावडर नव्हती. भुईमुगाच्या शेंगा होत्या. जसं झालं तसं सांगते. मीठमसाला घालायची माझी खोड आहे, पण इथं घालणार नाही. गरजच पडली नाही.

आधी माझ्या दुसऱ्या खोडीबद्दल. मोबाईलवर बोलायच्या अ‍ॅपमध्ये नवीन काही आलं की ते पहिल्याच दिवशी वापरून बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही. मागचं दृश्य बदलायची सोय आली तेव्हा मी हेडमास्तरांशी बर्फाच्या डोंगरावरून बोलले. आवाज बदलायची सोय आली तेव्हा नवऱ्याला अस्वलाच्या आवाजात फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “येताना कोथिंबीर आण.” असो. कलावंताची घरात कदर नसते.

तर मागच्या वर्षी आमच्या त्या अ‍ॅपमध्ये — नाव सांगत नाही, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता — एक नवीन सोय आली. व्हिडिओ कॉलवर जे बोललं जाईल ते खाली अक्षरांत उमटायचं. आणि नुसतं उमटायचं नाही, तर कोण बोललं तेही यायचं. आवाज ओळखून ते वक्ता १, वक्ता २ असे नंबर द्यायचं, मग आपण त्या नंबरांना नावं द्यायची. मला एकदम आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सगुणा. चौसष्ट वर्षांची. तेरच्या अलीकडं फाट्यावर उतरून पंधरा मिनिटं चाललं की तिची वस्ती. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, पुढं अंगण, अंगणाच्या कडेला मेंढवाडा. दाजी, म्हणजे तिचे मालक, जन्मभर मेंढरांमागं फिरले. तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आता आठ मेंढरं आणि आक्का, एवढाच संसार. त्यात तिचे कान गेले. समोर बसून ओरडलं तर थोडं कळतं, फोनवर काही म्हणजे काही नाही.

आणि तिची एकुलती एक लेक, मंदा, पुण्यात.

मंदाचं लग्न दाजींनी बहिणीच्या मुलाशी ठरवलेलं. सुपारी फुटलेली. ऐन वेळी मंदा नाही म्हणाली आणि ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा चांगला आहे, पण दाजींचा बहिणीला दिलेला शब्द गेला. दाजी आरडाओरडा करणारे नव्हते. अंगणात उभे राहून एवढंच म्हणाले, “तिचा पाय ह्यो उंबरा वलांडनार न्हाय. शबुद हाय माझा.” मी तिथंच होते, तेव्हा हे शब्द माझ्यासमोरचे आहेत. पुढं चार वर्षं ते लेकीशी बोलले नाहीत. ते गेले तेव्हा मंदा आली, अंगणात बसली, अंगणातच रडली आणि अंगणातूनच परत गेली. आक्कानं तिला चहाही बाहेर आणून दिला. नवरा गेला तरी त्याचा शब्द आक्कानं मोडला नाही. ती असलीच आहे. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही. रेशन दुकानात नाव विचारलं तरी माझ्याकडं बोट दाखवायची — ‘तू सांग.’

कान गेल्यापासून मायलेकींचं फोनवरचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. मंदा मला सांगणार, मी आक्काच्या कानात ओरडणार. आता माझ्यासारख्या बाईच्या हाती असं काम दिल्यावर व्हायचं ते झालं. मंदा म्हणायची, “गोळ्या घेतेस का विचार.” मी डोळ्यांत पाणी आणून सांगायची, “आक्का, लेक म्हणते, माझी शपथ आहे, गोळ्या चुकवू नको.” आक्का माझ्याकडं बघून म्हणायची, “एवढं बोलली न्हाय ती.”

म्हणून त्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, नवीन फोनमध्ये नवीन सोय घालून मी तेरच्या एसटीत बसले.

वस्तीवर रेंज एकाच जागी मिळते, मेंढवाड्याच्या कुडाला लागून लिंबाखाली. तिथं बाज टाकली. मेंढरं उन्हामुळं आत बसून रवंथ करत होती. आक्का चौथी शिकलेली आहे, अक्षरावर बोट ठेवून वाचते. मी फोन तिच्या हातात दिला आणि मंदाला कॉल लावला.

पहिला अर्धा तास इतका मजेत गेला की काय सांगू. त्या अ‍ॅपला पुस्तकातलं मराठी यायचं, आमचं यायचं नाही.

आक्का म्हणाली, “मंदे, म्या बरी हाय.”

खाली उमटलं — मंदे, म्याऊ बरी आहे.

“आमी काल तेरला गेल्तो.”

खाली उमटलं — आर्मी काल तेरला गेली.

आक्कानं बोट फिरवत वाचलं आणि मान वर केली. “नले, तेरला आर्मी कवा आली?”

“तूच म्हणालीस.”

“म्या कशाला म्हनू? न्हाय बाई.”

खाली उमटलं — न्हावी बाई.

तिकडं मंदा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. मी तिन्ही वक्त्यांना नावं दिली — नलू, सगुणा आक्का, मंदा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. आक्कानं ‘हाय’ म्हटलं की ते ‘आहे’ लिहायचं, ‘व्हती’ म्हटलं की ‘होती’. जमलं नाही तर मांजर नाहीतर न्हावी. आमच्या बोलीला धरून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून उभं करायचा त्याचा बाणाच होता. अर्ध्या तासात आमचा एकही शब्द त्यानं आमच्यासारखा लिहिला नाही.

पण मायलेकी बोलत होत्या. मध्ये मी नव्हते. कान गेल्यापासून, आठ महिन्यांनी पहिल्यांदा. मी शेंगा फोडत बसले.

मग मंदा गंभीर झाली. म्हणाली, “माय, पंचमीला येते मी.”

आक्कानं वाचलं. “ये की. अंगनात बाज टाकते. झोका बांधते लिंबाला.”

“अंगणात नाही. घरात येते.”

आक्काचं बोट थांबलं. “तुला ठावं हाय.”

“आबांना जाऊन तीन वर्षं झाली, माय.”

“मानूस गेलं म्हनून शबुद जात न्हाय.”

हे एक वाक्य त्या मशीननं स्वच्छ लिहिलं — माणूस गेलं म्हणून शब्द जात नाही. इस्त्री केलेलं. शाळेच्या भिंतीवर रंगवावं तसं.

मंदानं मान खाली घातली. मग म्हणाली, “तुझा कान पूर्ण जायच्या आत मला एकदा तुझ्याजवळ बसून बोलायचंय. चुलीपाशी. अंगणातनं ओरडून नाही. येऊ दे ना गं.” आणि तिनं माईक बंद केला. तिच्या चित्रावर माईकची ती काट मारलेली खूण आली. रडताना तिला कुणी ऐकलेलं चालत नाही, लहानपणापासूनचं आहे.

आक्का गप्प. मंदाचा माईक बंद. मी... स्टेजवर मला कितीही मोठा पॉज द्या, मी धरून ठेवीन, पण खऱ्या आयुष्यातला पॉज मला पेलत नाही. मी तोंडात शेंगदाणे टाकले. तोंड भरलेलं. आवाज काय तो मेंढरांच्या रवंथाचा.

आणि खाली एक ओळ उमटली.

वक्ता ४: लंगडी दमली असंल. घे खांद्यावर, अन् आन आत.

मला हसू फुटलं. शेंगदाणे सांडले. “घ्या, म्याऊ झालं, न्हावी झाला, आता ह्याला लंगडी खेळायचीय.”

आक्का हसली नाही. तिनं त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. “कुनी म्हनलं हे?”

“कुणी नाही गं. मशीनला वेड लागलंय.”

“चार कोन?”

“चार कुणी नाही. तीनच आहोत आपण.”

वातावरण हलकं करायची संधी मी सोडत नसते. मी फोन माझ्याकडं वळवला आणि निवेदिकेच्या आवाजात मंदाला ती ओळ वाचून दाखवली, हातवाऱ्यांसह. लेक हसेल, पुढं सगळं सुरळीत होईल, असा माझा हिशेब.

मंदानं माईक चालू केला. चेहरा पांढरा. “परत वाच.”

मी वाचलं. या वेळी हातवारे आपोआपच गळाले.

“मावशी, हे तुझं नाटक आहे का?”

“मी लिहिलं असतं तर तीन पानं लिहिलं असतं,” मी म्हटलं. आणि ते खरं आहे.

“शपथ घे.”

“कुणाची घेऊ?”

“आबांची.”

मी दाजींची शपथ घेतली. मग मंदानं सांगितलं.

ती सहा-सात वर्षांची असताना सुट्टीत आबांबरोबर मेंढरांमागं जायची. आक्का घरी असायची. एकदा एक कोकरू लंगडायला लागलं, तर आबांनी ते खांद्यावर घेतलं आणि दिवसभर तसेच चालले. मंदाला त्या कोकराचा हेवा वाटला. दुसऱ्या दिवशी तीही एक पाय धरून लंगडायला लागली. आबांना सोंग कळलं असणारच. जन्म मेंढरांचे पाय तपासण्यात गेलेला माणूस. पण रागावले नाहीत. म्हणाले, “आली माझी लंगडी,” आणि तिलाही उचललं. एका खांद्यावर कोकरू, दुसऱ्या खांद्यावर लेक. मग ते रोजचंच झालं. फक्त एक ठरलं होतं — मायला सांगायचं नाही. पोरीचे पाय दुखतात म्हटलं तर माय दुसऱ्या दिवशी पाठवणार नाही.

“मी कुणाला सांगितलं नाही,” मंदा म्हणाली. “ह्यांनासुद्धा नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात... आणि आबा बोलायचे बंद झाल्यावर तर सांगवेनाच.”

आता ती हे बोलत होती तसं सगळं खाली उमटत होतं आणि आक्का बोट ठेवून वाचत येत होती. आमच्या मागून, सावकाश. आमचं ऐकून झालं होतं, ती अजून कोकरापाशीच होती. आम्ही दोघी तिची वाट बघत थांबलो. शेवटच्या ओळीवर आल्यावर तिनं बोट वर सरकवलं, पुन्हा त्या चौथ्याच्या ओळीपर्यंत नेलं आणि तिथं ठेवलं.

“तरीच,” ती म्हणाली.

“काय तरीच?”

“तरीच ह्यांचा उजवा खांदा दुखायचा. म्या रोज तेल लावायची. म्हनायचे, कोकरू लई जड हाय.”

मग तिनं फोन तोंडाजवळ नेला. फोनला कान असतात अशा बेतानं, मोठ्यानं म्हणाली, “मंदे. पंचमीला ये. घरात ये.”

मला वाटलं, आक्कानं शेवटी शब्द मोडला. मला आक्का कळलेलीच नाही, हे मला पंचमीला कळलं.

कॉल संपल्यावर ते अ‍ॅप विचारत होतं, वक्ता ४ ला नाव द्यायचं का? मी ‘नाही’ दाबणार होते. आक्कानं हात धरला. “नाव घाल.”

“काय घालू?” मी मुद्दामच विचारलं. खोड.

आक्का लाजली. चौसष्टाव्या वर्षी, पदर सावरून. “म्या कशी सांगू?”

“मग राहू दे.”

“‘त्ये’ लिही,” ती म्हणाली.

मी लिहिलं — त्ये.

पंचमीला मी सकाळपासून वस्तीवर होते. माझी जय्यत तयारी. ओवाळायला ताट, भाकरतुकडा, वर टाकायला पाकळ्या, म्हणायला एक गाणं. दहाच्या सुमारास मंदा आणि जावई आले. मंदा अंगण ओलांडून आली, चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी थांबली. पाय उचलेना. सात वर्षांची सवय.

“थांब,” आक्का आतून म्हणाली.

माझ्या हातातलं ताट तिथंच राहिलं. मला वाटलं, झालं. हिचा विचार बदलला.

आक्का उंबरा ओलांडून बाहेर आली. पदर कमरेला खोचला. लेकीकडं पाठ करून वाकली, मागं हात नेऊन तिची दोन्ही मनगटं धरली, खांद्यावरून पुढं ओढली, आणि लंगडं मेंढरू उचलावं तशी तिला एका हिसक्यात पाठीवर घेतली. मंदा पन्नास-पंचावन्न किलोची असेल. जावई पुढं धावले, “आई, थांबा, मी घेतो.” आक्काला ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल.

दोनच पावलं. उजवा पाय आत, मग डावा. दोन्ही आक्काचे.

चुलीपाशी नेऊन तिनं लेकीला उतरवलं आणि भिंतीला टेकून दम खाल्ला. “पाय वलांडनार न्हाय म्हनले व्हते त्ये,” ती म्हणाली. “पायच म्हनले व्हते. न्हाय वलांडला.”

मी गाणं वगैरे सगळं विसरले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “आता ही बाहेर गेली की दर खेपेला उचलणार का?”

“येकदा आत आनली की घरची झाली,” आक्का म्हणाली. “घरच्याला कसला उंबरा. जावई, तुमी या की. तुमाला कुनी काय म्हनलं न्हवतं.”

मंदा चार दिवस राहिली. आक्काच्या कानाशी तोंड नेऊन काय काय बोलली, मला माहीत नाही. मी मुद्दाम लांब बसले होते आणि मला ते फार जड गेलं.

आता चौकशीचा भाग. मी शिक्षिका आहे, पडताळा घेतल्याशिवाय सोडत नाही. त्या कॉलची लिखित नोंद मी जपून ठेवली आहे. ती ओळ तिच्यात आहे. त्या क्षणी मंदाचा माईक बंद होता, हे मी स्वतः बघितलं. आक्का वाचत होती, माझं तोंड भरलेलं होतं. घरात टीव्ही नाही. शेजारची वस्ती लांब आहे. माणसं मोजण्यात अ‍ॅपची गफलत होऊ शकते, रवंथाचा आवाज त्याला माणसाचा वाटू शकतो — हे मला मान्य आहे. पण मग त्या मेंढरांचं मराठी अ‍ॅपला इतकं शुद्ध कसं कळलं? ‘असंल’ला त्यानं ‘असेल’ केलं नाही. ‘आन’चं ‘आण’ केलं नाही. अख्ख्या कॉलमध्ये आमच्या बोलीतली तेवढी एकच ओळ जशीच्या तशी आहे, अनुस्वारासकट. आणि लंगडी? ती कुठून आणली?

अ‍ॅपमध्ये ‘चुकीचा मजकूर कळवा’ असं बटण असतं. मी सगळं सविस्तर लिहून पाठवलं, अगदी कोकरासकट. दोन दिवसांनी ठरावीक छापाचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार. तुमची बोली या सुविधेत अजून उपलब्ध नाही.

तेवढंच उत्तर माझ्याकडं आहे. यापेक्षा बरं स्पष्टीकरण कुणा वाचकाकडं असेल तर मला हवंच आहे, मनापासून सांगते.

तो फोन मी आक्कालाच देऊन टाकला. मायलेकी दर रविवारी बोलतात. कॉल लागला की बाजूला वक्त्यांची यादी येते — सगुणा आक्का, मंदा, कधी मी असले तर नलू. जो बोलेल त्याचं नाव हिरवं होतं. चौथं नाव यादीत तसंच आहे, राखाडी. त्यानंतर ते एकदाही हिरवं झालेलं नाही. आक्का बघते, पण विचारत नाही.

मध्यंतरी वस्तीवर गेले होते, तर फोनवर सूचना आलेली — नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, आता भाषा अधिक अचूक, बरेच दिवस न बोललेले वक्ते आपोआप पुसले जातील. आक्कानं फोन माझ्यापुढं धरला. “नले, हे काय म्हनतंय?”

नवीन काही आलं की पहिल्या दिवशी वापरून बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही, हे वर सांगितलंच आहे.

“काही नाही,” मी म्हटलं आणि ‘नंतर आठवण करा’ दाबलं. दर वेळी गेले की तेच दाबते.